सुट्टीच्या दिवशी सरकारी साइटवर काम केलं तर रोजी किती? हिशोब असा लावा

आपल्या भागात सरकारी कामं भरपूर चालू असतात. कुठं जिल्हा परिषदेचा रस्ता, कुठं पाटबंधाऱ्याचा कालवा, कुठं जलजीवनची टाकी, कुठं वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेलाइनचं मातीकाम. आणि सगळीकडं सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं की मुकादम एकच सांगतो, "ये ना भाऊ, हजेरी लावतो तुझी." माणूस जातो, दिवसभर घमेले उचलतो, आणि चुकाऱ्याच्या दिवशी पाहतो तर त्या दिवसाची एकच हजेरी पडलेली, बाकी दिवसांसारखीच. इथंच पैसा जातो बाप्पा. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची हजेरी एक नाही, दोन धरायची असते. ही कोणाची मेहरबानी नाही, कायद्यात लिहून आहे.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण ठेकेदारापुढं बोलताना नाव माहीत असलं की फरक पडतो. आधी किमान वेतन कायदा 1948 होता आणि बांधकामवाल्यांसाठी वेगळा 1996 चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता. त्याच्या कलम 28 मध्ये सात दिवसांत एक दिवस सुट्टी आणि त्या दिवशी काम घेतलं तर ओव्हरटाइमच्या रेटपेक्षा कमी देता येत नाही असं होतं, आणि कलम 29 मध्ये ओव्हरटाइमचा रेट म्हणजे नेहमीच्या मजुरीच्या दुप्पट. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन लेबर कोड लागू झाले, त्यातली वेतन संहिता 2019 ही आपल्या कामाची. त्यातही कलम 13 आणि 14 ला हेच आहे, सुट्टीच्या दिवशीच्या कामाला ओव्हरटाइमपेक्षा कमी रेट नाही आणि ओव्हरटाइम डबल. म्हणून कोणी म्हणत असेल की जुना कायदा गेला आता डबल-बिबल काही नाही, तर ते चूक आहे. कायदा बदलला, डबल तसंच आहे.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवतो. रोजगार हमीच्या मस्टरवरच्या (मस्टर म्हणजे हजेरीपट) कामाला हा हिशोब लागत नाही. तिथं मजुरी मोजमापावर असते आणि त्या कामावर ठेकेदार चालतच नाही. आपण बोलून राहिलो ते टेंडर निघालेल्या, ठेकेदारानं घेतलेल्या सरकारी कामाबद्दल.

आता पहिला प्रश्न, तुमची सुट्टी कोणत्या दिवशी आहे? बऱ्याच जणांना वाटते की सुट्टी म्हणजे रविवार. तसं काही नाही. सुट्टी साधारणपणे रविवारी द्यायची असं नियमात असते पण मालकाला दुसरा दिवस ठरवता येतो, फक्त तो मजुरांना आधी माहीत पाहिजे आणि साइटवर तशी नोटीस पाहिजे. आपल्याकडं बहुतेक साइटवर सुट्टी असते ती बाजाराच्या दिवशी. मंगळवारी बाजार तर मंगळवारी काम बंद. मग तुमच्यासाठी मंगळवार हाच सुट्टीचा दिवस, आणि मंगळवारी काम केलं तर डबल, रविवारी केलं तर साधा रोज. काही ठिकाणी ठेकेदार हुशारी करतो, सुट्टीचा दिवस पक्का सांगतच नाही, काम नसलं त्या दिवशी "आज सुट्टी" म्हणते. मग डबल कोणत्या दिवसाचं मागणार? म्हणून कामावर लागल्या लागल्या विचारा, भाऊ आपली आठवडी सुट्टी कोणत्या दिवशी, आणि जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून घ्या. कोणीच काही सांगितलं नसेल तर रविवार धरून चला.

दुसरी गोष्ट रेटची, आणि ही नीट समजून घ्या, कारण पाया चुकला तर पुढचं सगळं चुकते. डबल करायचं ते कशाचं? तुमच्या ठरलेल्या रोजीचं, पण ती रोजी किमान वेतनापेक्षा कमी असेल तर किमान वेतनाचं. म्हणजे मुकादमानं 400 ठरवले आणि सरकारचा त्या कामाचा किमान दर त्यापेक्षा जास्त आहे, तर हिशोब 400 पासून सुरूच होत नाही, किमान दरापासून सुरू होते. "तू कबूल झाला होता ना 400 ला" हे उत्तर चालत नाही. आपल्या हक्काची मजुरी सोडून देतो असा करार कोणी केला, सही केली, अंगठा लावला, तरी वेतन संहितेच्या कलम 60 प्रमाणं तो करार रद्दच समजला जाते.

किमान दर पाहायचा कुठं? काम कोणाचं आहे त्यावर आहे. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ ही कामं राज्याची, त्याला महाराष्ट्राचे दर. त्यात मूळ दर असते आणि वर विशेष भत्ता असते जो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलते. दरासाठी परिमंडळं, म्हणजे भाग, तीन पाडले आहेत, खेडी तिसऱ्यात येतात. रेल्वेचं काम किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं काम असलं तर केंद्राचे दर लागतात, ते एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात आणि बहुतेक वेळा राज्यापेक्षा बरेच चांगले असतात. अंदाजासाठी सांगतो, ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचा बांधकामातला अकुशल मजुराचा दर मोठ्या शहरांच्या ए क्षेत्रात दिवसाला 783 होता, खेड्यात सी क्षेत्र लागते तिथं यापेक्षा कमी. एकाच गावाच्या शिवेत रेल्वेच्या पुलावर वेगळा दर आणि बाजूच्या झेडपीच्या रस्त्यावर वेगळा दर असं होऊ शकते, म्हणून शेजारच्याला किती मिळते हे पाहून भांडू नका, आधी कामाचा बोर्ड पाहा. सरकारी कामावर बोर्ड लावलेला असते, त्यावर खात्याचं नाव, कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव सगळं असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढं लागतो.

आणि लक्षात ठेवा, डबल होते ते मूळ दर अधिक विशेष भत्ता या दोघांच्या बेरजेचं. काही हिशोबनीस ओव्हरटाइम फक्त मूळ दरावर काढतात आणि भत्ता बाजूला ठेवतात. भत्ता मोठा असला की डबल दिल्यासारखं दिसते आणि हातात पडते सिंगलच्या आसपास.

बायांच्या रोजीबद्दल इथंच बोलतो. आपल्याकडं अजून साइटवर गड्याला एक रोज आणि बाईला शंभर-दीडशे कमी, आणि हे इतकं अंगवळणी पडलं आहे की बायाही काही बोलत नाहीत. पण तेच काम असेल, तेच घमेले, तोच मिक्सर, तर मजुरी सारखी द्यायची हे 1976 पासून कायद्यात होतं आणि आता वेतन संहितेत पहिल्याच कलमांमध्ये आहे. डबल काढताना कमी रोजीचं डबल काढलं तर नुकसान पण डबल होते. ताई, तुमच्या शेजारी तेच काम करणाऱ्या गड्याची रोजी काय आहे ती धरून हिशोब लावा.

आता तासाचा दर. रोजी भागिले 8. काही ठेकेदार 9 नं भागतात कारण जुन्या नियमांत दिवस 9 तासांचा होता, पण आठवडा त्यातही 48 तासांचाच होता, आणि सहा दिवसांत 48 म्हणजे दिवसाला 8 च. नवीन संहितांत तर दिवसाला 8 तास असंच आहे. जेवणाची सुट्टी यात मोजायची नाही. सकाळी 8 ला लागले, 1 ते 2 जेवण, 5 ला सुटले, झाले 8 तास. त्यापुढं जो तास जाईल तो जादा, आणि जादा काम तुमच्या मर्जीनंच घ्यायचं असते, जबरदस्तीनं नाही.

एक पूर्ण आठवडा मांडून दाखवतो. समजा रोजी 520 आहे, किमान दरापेक्षा कमी नाही, आणि सुट्टी मंगळवारी. 520 ला 8 नं भागलं की तासाचे 65, डबल केलं की 130. बुधवारी 8 तास केले. गुरुवारी काँक्रीट उशिरा आलं म्हणून 10 तास. शुक्रवार, शनिवार 8-8. रविवारी स्लॅब होता, स्लॅब मध्ये थांबवता येत नाही, 11 तास झाले. सोमवारी 8. आणि मंगळवारी बाजाराच्या दिवशी साहेब व्हिजिटला येणार म्हणून बोलावून घेतलं आणि 7 तास काम झालं. आता सहा दिवसांची साधी रोजी, 6 गुणिले 520, म्हणजे 3120. जादा तास गुरुवारचे 2 आणि रविवारचे 3, एकूण 5, गुणिले 130, म्हणजे 650. मंगळवारचे 7 तास गुणिले 130, म्हणजे 910. बेरीज 4680.

मुकादम हाच आठवडा कसा मांडते ते पाहा. सहा हजेऱ्या, मंगळवारची एक, आणि ते पाच जादा तास मिळून "चल अर्धी लावतो". साडेसात हजेऱ्या गुणिले 520, म्हणजे 3900. ऐकायला बरं वाटते, सात दिवसांत साडेसात हजेऱ्या. पण 780 रुपये गेले. महिन्यात असे चार आठवडे झाले तर 3120, म्हणजे पुऱ्या सहा दिवसांची रोजी. ही दीड हजेरी, अर्धी हजेरी जी म्हणतात ना, ती सिंगल रेटच आहे. चार तास जास्त केले आणि अर्धी हजेरी मिळाली तर ते चार तासाचे चारच तास झाले, डबल कुठं झालं? चार जादा तासांची एक पूर्ण हजेरी पडली पाहिजे. हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी कागद-पेन नसतानाही चुकाऱ्याच्या वेळी लगेच समजते.

लोक विचारतात की सुट्टीच्या दिवशी 8 तासांच्या वर काम केलं तर डबलचं डबल का? नाही. त्या दिवसाचे सगळेच तास डबल रेटनं, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत, बस. आणि नेहमीच्या दिवशी कामावर बोलावलं, तुम्ही हजर, पण गिट्टीच आली नाही की मिक्सर बिघडला म्हणून दोन तासांत परत पाठवलं, तर पूर्ण दिवसाची रोजी मागता येते, कारण काम द्यायची जबाबदारी त्याची होती.

महिन्याच्या पगारावर जे आहेत, रोलरचा ऑपरेटर, चौकीदार, सुपरवायझरच्या हाताखालची पोरं, त्यांच्यासाठी भागाकार 26 नं करायचा, 30 नं नाही. महिन्यातल्या चार सुट्ट्या सोडल्या की कामाचे 26 दिवस राहतात, किमान वेतनाचा महिन्याचा दर दिवसात मोडताना सरकारही 26 नंच भागते, आणि तसं भागलं की आठवडी सुट्टीचा पैसा त्या रोजीतच आलेला असते. म्हणूनच रोजंदारीवाल्याला सुट्टीच्या दिवशी घरी बसल्याचा वेगळा पैसा मिळत नाही, पण त्या दिवशी काम केलं तर डबल मिळते. पगार 18,200 असेल तर 26 नं भागून दिवसाचे 700, आणि महिन्यात दोन सुट्ट्यांच्या दिवशी पूर्ण काम केलं तर दोनदा 1400, म्हणजे पगाराच्या वर 2800. तेच 30 नं भागून सिंगल दिलं तर दोन दिवसांचे 1213 होतात. पगार देताना "महिन्याचा पगार आहे तुला, त्यात रविवार आलाच" असं म्हणत असतील तर त्यात रविवारची विश्रांती आली, रविवारचं काम नाही आलं.

बदली सुट्टीचा घोळ फार आहे. मंगळवारी काम घेतलं आणि गुरुवारी घरी बसवलं, मग म्हणतात झाली फिट्टंफाट. केंद्राच्या किमान वेतन नियमांत आणि सीपीडब्ल्यूडीची (केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची) जी ठेकेदारांसाठी कामगार नियमावली आहे तिच्यातही हे साफ लिहून आहे की सुट्टीच्या दिवशी काम घेतलं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या पाच दिवसांत एक पूर्ण दिवस बदली सुट्टी द्यायची, आणि तरीही ज्या सुट्टीच्या दिवशी काम केलं त्याचे पैसे ओव्हरटाइमच्या रेटनंच द्यायचे. सुट्टी पण आणि डबल पण. आणि सलग दहा दिवसांच्या वर माणसाला बिनसुट्टीचं राबवता येत नाही. मार्च एंडला बिलं काढायची घाई असते तेव्हा महिना-महिना सुट्टी न देता काम चालते, तेव्हा हे लक्षात असू द्या.

सणाच्या सुट्टीचं मात्र वेगळं आहे. आपल्या इथं पोळ्याला कोण कामावर जाते? बैल असो नसो, माणूस गावी जातोच. पण पोळा, दसरा, 14 एप्रिल, संक्रांत या दिवशी काम केलं म्हणजे आपोआप डबल असं समजू नका. पक्कं डबल आहे ते आठवडी सुट्टीला आणि जादा तासांना. सणाचं तुमच्या आणि ठेकेदाराच्या ठरावावर असते, किंवा त्या खात्याच्या स्वतःच्या माणसांना जी सुट्टी आहे तसंच काम करणाऱ्या ठेक्याच्या माणसांना तशी मागण्यावर. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच टोळीनं मिळून ठरवून घ्या की 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आपले एवढे सण भरपगारी सुट्टी, आणि काम घेतलं तर डबल. एकट्यानं विचारलं तर ऐकत नाहीत, पंधरा-वीस माणसांनी विचारलं तर ऐकतात. दुसरा सोपा मार्ग म्हणजे त्या आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दिवसावरून पोळ्यावर सरकवून घ्यायची, मग पोळा हाच सुट्टीचा दिवस झाला आणि त्या दिवशी बोलावलं तर डबल लागू. हे सरकवणं मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी तर मतदार माणसाला भरपगारी सुट्टी कायद्यानंच आहे, आणि ती रोजंदारीवाल्यालाही आहे. हे फार कमी लोकांना माहीत आहे. त्या दिवशी घरी बसलात, मतदान केलं, तरी रोजी कापता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वही. मस्टर त्यांच्याजवळ असते, त्यात काय लिहिलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि सुट्टीच्या दिवशीची हजेरी तर बहुतेक वेळा मस्टरमध्ये येतच नाही, कारण टेंडरमध्ये रविवारी काम करायला इंजिनिअरची लेखी परवानगी लागते अशी अट असू शकते आणि ती घेतलेली नसते. म्हणून स्वतःची दहा रुपयांची वही करा. तारीख, वार, किती वाजता लागले, किती वाजता सुटले, जेवणाला किती वेळ, काय काम केलं, कोण मुकादम होता. सुट्टीचा दिवस असेल तर वारावर गोल करा. उचल घेतली तर तारीख आणि रक्कम त्याच वहीत, कारण शेवटी उचलीचा आकडा फुगवून दाखवतात, आणि एकूण कपात मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. लिहिता येत नसेल तर घरच्या शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा, पोरी हे काम फार चोख करतात. आणि रोज संध्याकाळी मुकादमाला एक मेसेज टाका, "आज मंगळवार सुट्टीचा दिवस, 8 ते 4 टाकीच्या स्लॅबवर काम केलं, 7 तास." त्यानं उत्तर दिलं नाही तरी चालते, मेसेज तारखेसह राहतो. हीच वही पुढं बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीलाही कामी येते, तिथं वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागते आणि ते घेताना दिवस दाखवता आले पाहिजेत.

पैसे मागायचे कसे? आधी वही घेऊन मुकादम, मग ठेकेदार, शांतपणे, आकडा मांडून. अनेक वेळा इथंच मिटते, कारण समोरच्याला कळते की या माणसानं हिशोब ठेवला आहे. नाही मिटलं तर ज्या खात्याचं काम आहे त्या उपअभियंत्याला लेखी अर्ज द्या. कायद्यात असं आहे की ठेकेदारानं मजुरी दिली नाही किंवा कमी दिली तर मूळ मालक म्हणजे ते खातं जबाबदार, त्यानं द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची. ठेकेदाराला बिल अडकायची फार भीती असते, त्यामुळं या अर्जाचा उपयोग होतो. तरीही नाही झालं तर राज्याच्या कामासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्ताचं किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याचं ऑफिस, आणि रेल्वे-महामार्ग प्राधिकरणाच्या कामासाठी केंद्राचं कामगार आयुक्त कार्यालय नागपूरला आहे, तिथं. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात सहाच महिने होती, म्हणून मागच्या वर्षीचं गेलं ते गेलं असं समजू नका. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, आणि कमी दिल्याचं निघालं तर बाकीच्या रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई लावता येते.

पाऊस लागायच्या आधी साइट बंद होते आणि माणसं गावी निघतात, मेळघाटातली, गडचिरोली-गोंदियाकडची, छत्तीसगडची, तेव्हा "बाकीचे दिवाळीला देतो" म्हणतात. काम संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा चुकारा करायचा असते. निघायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर बाकी रक्कम लिहून ठेकेदाराची किंवा मुकादमाची सही घ्या, नाही केली तर सगळ्या टोळीसमोर हिशोब वाचून त्याचा व्हिडिओ काढा.

मस्टर पाहायचं असेल तर माहिती अधिकारात खात्याकडं अर्ज टाका, दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यायचं असते. अर्जात कामाच्या बोर्डावरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि मागा की या कामाचं अमुक महिन्याचं मस्टर, वेतन नोंदवही आणि ओव्हरटाइमची नोंदवही यांच्या प्रती द्या. तुमच्या वहीतला मंगळवार आणि त्यांच्या मस्टरमधला मंगळवार समोरासमोर ठेवला की कामगार अधिकाऱ्याला फार काही समजावून सांगावं लागत नाही. अर्ज कुठंही द्या, त्याच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.